वेढे

रविवारी अकराला मृण्मयी पाटी उलटी करते.
आठवडाभर 'हात लावू नये',
आज 'हात लावा'.
चिंचवड स्टेशनमागचा हा आमचाच पंख्यांचा कारखाना.
तेव्हा तिकीट नव्हतं, गेटपास होता,
आणि तो आत यायला नाही,
बाहेर पडायला लागायचा.

मी कॉइलच्या टेबलाशी बसते.
छातीवर बिल्ला: शालन ताकवले, प्रात्यक्षिक.
सव्वीस वर्षं टोकन नंबर तीनशे बारा होते,
प्रात्यक्षिक अलीकडे झाले.

मुलं येतात, मागून आईबाप, पाण्याच्या बाटल्या,
आणि एक सर्वज्ञ आजोबा.
(दर रविवारी एक असतातच. पुणं आहे हे.)
पलीकडे लेथवर लांडगेमामा
पितळेचा भोवरा कातून दाखवतात.
कीस चमकतो, कुणीतरी हळूच खिशात घालतं,
मी पाहते, सांगत नाही.
भोंगा वाजवायची रांग सगळ्यात लांब.
आमच्या वेळी त्या भोंग्यासाठी
हौसेनं कुणी उभं राहिलं नव्हतं.

मी सांगते: हा खिळा, ही तार.
टोकं पॉलिश पेपरनं खरवडा, लाख निघाली पाहिजे.
साठ वेढे. एकाला एक चिकटून,
अंगावर अंग चढू द्यायचं नाही.
मोजायचं, आणि मोजताना बोलायचं नाही.
आजोबा विचारतात, "बाई, जन्मात किती वेढे घेतले असतील?"
मी म्हणते, हिशेब ऑफिसात असायचा.

मोजताना बोलता येत नाही म्हणून
हौसा पठारे, फिलोमिना आणि मी
एका टेबलावर अकरा वर्षं
भुवयांनी बोललो.
हौसाच्या घरी काय चाललंय
ते तिच्या डाव्या भुवईवर असायचं.
दोनशे चाळीस, दोनशे एकेचाळीस...
फिलोमिनाला कळा सुरू झाल्या त्या दिवशी
तिनं आधी टेबलावर खडूनं आकडा लिहिला,
मग उठली.
तो आकडा मी पुढे पुरा केला.
भिंतीवरच्या तक्त्यात हे नाही.
तक्त्यात उत्पादन आहे, सालवार.

बोपोडीची अल्मास, वय आठ,
एकोणपन्नासपर्यंत आली आणि चुकली.
आई म्हणाली, "असू दे गं, पन्नास धर."
अल्मासनं माझ्याकडे पाहिलं.
मी काही बोलले नाही.
भुवई हलली असेल.
तिनं सगळी तार उलगडली
आणि पुन्हा एकपासून लागली.
तोवर भोंगा चारदा झाला,
धाकट्या भावानं भूक भूक करून घेतलं,
आईनं दोनदा मोबाइलवर वेळ पाहिली.
साठ.
सेल लावला, आणि टाचण्या
कुणी नावानं हाक मारल्यासारख्या
खिळ्याला येऊन लटकल्या.

"मग तुमची कॉइल कुठंय?" तिनं विचारलं.
काचेत एक पंखा आहे, अर्धा कापलेला,
आतलं तांबं दिसतं, पुढे छापील कार्ड.
तो निर्यातीचा. आमच्या टेबलावरचा नव्हे.
मी वर पाहिलं.
तुळईला एक पंखा फिरतोय.
त्याला क्रमांक नाही, कार्ड नाही,
मृण्मयी त्याला इमारतीत धरते.
थोडा घुमतो. ढिली वाइंडिंग.
असा माल तपासणीत परत यायचा,
आणि साहेब शेडसाठी ठेवून घ्यायचे.
"तो असेल," म्हटलं. "माझा, नाहीतर हौसाचा.
ती शनिवारी घाई करायची."

अल्मास मान वर करून बघत राहिली,
ओठ हलत होते.
"फार जोरात फिरतोय," म्हणाली, "मोजताच येत नाही."
"मग कमी कर ना," म्हटलं, "बटण त्या दाराशी आहे.
आज हात लावायचा वार."